छापून तपासलेली फाईल

इतिहासाचं पुस्तक दुसऱ्यांदा परत आलं तेव्हा करुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सीडीच्या पाकिटावर लाल शाईनं शेरा होता : ‘फाईल नियमात बसत नाही. अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.’

शिरूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दोन महिने बसून तिनं ते दहावीचं पुस्तक टाइप केलं होतं. डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलांना संगणकानं ते मोठ्यानं वाचून दाखवायचं, म्हणून दौंडच्या एका संस्थेनं हे काम काढलेलं. सोबत नियमांचा कागद दिला होता. कलम तीन : मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे संगणकालाही मराठी म्हणून वाचता येईल अशा अक्षरांत हवा. करुणानं ते अक्षरशः पाळलं होतं.

तिच्याच गल्लीतली, दृष्टी नसलेली शितल रोज विचारायची, “ताई, पुस्तक कवा मिळंल? तीन आठवड्यांवर परीक्षा आली.” आज शेरा ऐकून ती म्हणाली, “मंग मलाच न्या दौंडला. चौकोन कसले असत्यात, बघू तरी!”

न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीत दोघी बसल्या. करुणाच्या मांडीवर क्लासचा लॅपटॉप होता.

संस्थेत फाईली तपासायचं काम मारुतराव साहेबांकडे होतं. टेबलावर पास झालेल्या अकरा सीड्यांची चवड, प्रत्येकीवर बरोबरची खूण. शेजारी दहा वर्षांचा जुना संगणक घरघरत होता.

“साहेब, या अकरा कशा तपासल्या?” करुणानं विचारलं.

“पहिली चार पानं छापून बघतो. सुबक आली की पास. तुमची छापली तर नुसते चौकोन!”

“चौकोन तुमच्या संगणकात आहेत, फाईलीत नाहीत. त्याच्याकडे युनिकोडचा फाँटच नाही.”

“बाई, बावीस वर्षं झाली मला या खुर्चीत.”

“खुर्चीला झाली असतील,” शितल पुटपुटली. करुणानं तिला कोपर मारलं आणि पास झालेल्यांतली वरची सीडी लॅपटॉपमध्ये घातली.

जुन्या फाँटची गंमत अशी, की संगणक आत साठवतो इंग्रजी अक्षर आणि वरून त्याला मराठी अंगरखा चढवतो. कागदावर अंगरखा दिसतो. वाचणारं यंत्र मात्र आतल्या माणसाला हाक मारतं. लॅपटॉप बोलू लागला : “डब्ल्यू, ओ, डॉलर, एक्स, टक्का, डब्ल्यू...”

मारुतराव हसले. “बिघडलाय तुमचा.”

करुणानं स्वतःची सीडी घातली. हिंदी वळणाच्या घोगऱ्या आवाजात यंत्र स्वच्छ म्हणालं, “धडा पहिला. युरोपातील औद्योगिक क्रांती.”

मग मारुतराव चाचरत म्हणाले, “पण... कागदावर ती आधीची किती छान दिसते!”

“साहेब,” शितल म्हणाली, “मला दिसत असतं, तर ह्यो खटाटोप केलाच कशाला असता तुमी?”

करुणानं पर्समधून नियमांचा कागद काढून त्यांच्यापुढं सरकवला. “कलम तीन वाचा. मोठ्यानं. खाली सही तुमचीच आहे.”

त्यांनी वाचलं. कान लाल झाले होते. करुणाच्या सीडीचं पाकीट ओढून घेत ते म्हणाले, “बरं. तुमची पास करतो. झालं?”

“न्हाई झालं!” इतका वेळ तोलून मापून बोलणाऱ्या करुणाच्या तोंडून गावची भाषा सुटली. “या अकरा पुस्तकांच्या सीड्या पोरांच्या घरी गेल्या की न्हाई?”

“प्रती मागच्या महिन्यातच गेल्या.”

“म्हंजी पोरं महिनाभर डॉलर-टक्का ऐकत बसल्यात! त्यांना वाटत आसंल, आपल्यालाच समजंना. एकेका घराला पत्र लिहा, चूक आमची म्हणून. युनिकोडमध्ये मी बदलून देते, पण पत्रं आत्ता. मी बसलेय इथं.”

मारुतरावांनी घड्याळाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि अखेर पेनाचं टोपण काढलं.

शितलनं तोवर चाचपडत लॅपटॉप स्वतःकडं ओढला होता.

“अगं, त्या सीडीवर अजून सही व्हायचीय,” ते म्हणाले.

“तुमची सही व्हईस्तवर माझी परीक्षा व्हऊन जाईल,” ती म्हणाली, आणि तिनं धडा वाचणाऱ्या यंत्राचा आवाज वाढवला.