एफीच्या लापशीला पहिलं बक्षीस

आमच्या ड्रमवेनी गावात ओट्सची लापशी कुणाची चांगली, हे ठरवायचा हक्क केन्नाचा. तो तिला कुणी दिला नव्हता. तिनं घेतला आणि आम्ही घेऊ दिला. दरीच्या तोंडाशी जे हॉटेल आहे, त्याचं स्वयंपाकघर तिनं निवृत्त होईपर्यंत चालवलं. लग्न केलं नाही. एक भाऊ होता रुरी, तो गेला. मागे राहिली भावजय एफी, आणि या नणंद-भावजयीचं कधी पटलं नाही. तेव्हा केन्नाजवळ स्वतःचं म्हणावं असं काय होतं, तर चव. एक घास तोंडात टाकून ती सांगायची की ओट्स नवे की जुने, भांडं तळाला किती लागलंय आणि ढवळणारीचं लक्ष कुठे होतं. जिभेला हाड नसतं म्हणतात, केन्नाच्या जिभेला तर लगामही नव्हता.

ऑक्टोबरात गावाच्या सभागृहात लापशीची स्पर्धा असते, सकाळी, न्याहारीच्या वेळेला. पहिली फेरी साधी. ओट्स, पाणी, मीठ, बस. दुसऱ्या फेरीत काय हवं ते घाला, फक्त गोड आणि खारट दोन्ही लागलं पाहिजे आणि एकानं दुसऱ्याला दाबता कामा नये. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना लापशीत मध घालणं म्हणजे धर्म बुडवणं वाटतं. तरी खुर्ची पुढे ओढून बसतात ते या दुसऱ्याच फेरीला.

गेल्या वर्षी याच फेरीत केन्नानं एफीची लापशी चाखली आणि व्यासपीठावरून म्हणाली, "हिला टाकू नकोस, एफी. सभागृहाच्या भिंतींना भेगा गेल्यात, बुजवायला होईल." सगळं सभागृह हसलं. मी हसले. एफीसुद्धा हसली, आणि मग दोन रविवार चर्चला आली नाही.

केन्ना माझी शेजारीण. यंदाच्या मार्चमध्ये ती तापानं फणफणली होती, तेव्हा मीच तिला रस्सा नेऊन द्यायचे. ताप उतरला, पण जाताना चव घेऊन गेला. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. ती मला नंतर म्हणाली की आधी तिला वाटलं पाव शिळा आहे, म्हणून ती बेकरीवाल्याशी भांडूनही आली. मग एक दिवस तिनं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं, तर नुसती रेती. मध घेतला, तर नुसता चिकटपणा. उद्या येईल, परवा येईल असं करत उन्हाळा संपला. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी म्हटलं असतं, एवढं काय लपवायचं त्यात? पण चव नसलेली केन्ना म्हणजे कोण, याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं आणि खरं सांगायचं तर आमच्याजवळही नव्हतं. तिला त्याची लाज वाटायची. बाईनं वयाच्या सत्तरीत काहीतरी चोरावं आणि ते कोटाआड घेऊन गावभर फिरावं, तशी लाज. म्हणून ती पूर्वीपेक्षा जास्त नावं ठेवायला लागली. याचं बेचव, त्याचं करपट. नावं ठेवणं थांबवलं तर लोकांना संशय येईल, असं तिला वाटायचं.

परीक्षकपद सोडायचं तिच्या मनात होतं. पण कारण काय सांगणार? शेवटी तिनं स्वतःची समजूत घातली की शेजारी फार्कर मास्तर बसणार आहेतच, त्यांच्या तोंडाकडे बघून निभावून नेऊ. आणि या गोंधळात निदान एक बरं काम उरकून टाकू. यंदाचं पहिलं बक्षीस एफीला द्यायचं. गेल्या वर्षीचं तिच्या मनाला लागून राहिलं होतं. क्षमा मागणं तिला जमलं नसतं, पण बक्षीस देणं जमलं असतं.

फार्कर मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. केन्नाला इतके घाबरतात की तिनं कागदावर काय लिहिलं ते तिरक्या नजरेनं पाहून तेच स्वतः लिहितात. म्हणजे एक परीक्षक दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होती आणि दुसरा पहिलीच्या कागदाकडे. अशा न्यायाधीशांपुढे आमची न्याहारी उभी होती.

साधी फेरी निभावली. दुसरी सुरू झाली. एफीनं खरोखरच मन लावून केलं होतं. ओट्स लोण्यात परतून घेतले होते. रानातल्या ब्रॅम्बलची काळी फळं मधात शिजवली होती. हेझलनट भाजून, कुटून, मिठात घोळवले होते. हे सगळं लापशीवर थरानं यायचं, वर सायीची धार. वास असा सुटला होता की दोघंतिघं उठून तिच्या टेबलाजवळ जाऊन आले.

आता, लापशीत मीठ आमच्याकडे आधी घालत नाहीत. दाणा फुगला, भांड्यात रटरट सुरू झाली की मग घालायचं. आधी घातलं तर दाणा अडून बसतो. एफीनं ते वेळेवर घातलं, चाखलं, मान हलवली. मी समोरच होते, मी पाहिलं. तेवढ्यात केन्ना फेरी मारत तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. म्हणजे, छान दिसतंय, किंवा रुरीला आवडलं असतं, असं काहीतरी. पण आयुष्यभर जे तोंडातून निघालं नाही ते त्या दिवशी कुठून निघणार. ती म्हणाली, "मीठ घातलंस का?"

एफीच्या हातातली ढवळायची लाकडी दांडी थांबली. गेल्या वर्षाची भीती तिच्या अंगात होतीच. केन्ना विचारते आहे म्हणजे नक्की राहिलं असणार, असं तिनं धरलं, आणि मुठीनं मीठ उचलून भांड्यात टाकलं. पुन्हा चाखायला वेळच राहिला नाही. घंटा झाली.

वाट्या परीक्षकांपुढे गेल्या. केन्नानं एफीच्या वाटीतला चमचा तोंडात घातला, गिळला आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी घास गिळला. त्यांचे डोळे पाण्यानं भरून आले. केन्नाला वाटलं, एवढं आवडलं बिचाऱ्यांना, आईची आठवण झाली असेल. तिला हायसं वाटलं. आपण देणार होतो त्या बक्षिसाच्या लायकीची लापशी खरंच निघाली, म्हणजे खोटेपणा तेवढा कमी. तिनं पूर्ण गुण लिहिले. मास्तरांनी तिच्या कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, रुमालानं तोंड पुसलं आणि पूर्ण गुण लिहिले.

सभागृहाचा चिटणीस डुगल यानं नाव पुकारलं. एफी उठेचना. शेजारणींनी ढकलली तेव्हा उठली, वर गेली, बक्षिसाची कोरलेली लाकडी ढाल छातीशी धरून रडायलाच लागली. केन्नानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

मग आमची रीत. जिंकलेल्या लापशीचं भांडं सगळ्या सभागृहात फिरतं, प्रत्येकानं घरून आणलेला चमचा त्यात बुडवायचा आणि गिळून झाल्यावर जिंकणारीकडे बघून मान लववायची. कुणी ते टाळत नाही. पहिल्या रांगेतला म्हातारा ल्युई यानं घास घेतला आणि जागच्या जागी गप्प झाला. त्याच्या बायकोनं घेतला, तिनं हातातल्या हातमोज्यात खोकून घेतलं. भांडं पुढे सरकत गेलं तसं सभागृह शांत होत गेलं. माझ्यापाशी आलं. काय सांगू, आधी मध लागला, फळ लागलं, आणि मग समुद्र लागला. मी कसाबसा घास खाली ढकलला आणि मान लववली, दुसरं काय करणार.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुजबुज सुरू झाली. केन्नानं यंदाही सोडलं नाही तिला. मीठ घातलंस का म्हणून तिनंच विचारलं होतं, मी ऐकलं. मुद्दाम बक्षीस दिलं, सगळ्यांना चाखायला मिळावं म्हणून. ती कुजबुज रांगेरांगेनं पुढे जात व्यासपीठापर्यंत पोचली. मलाही ते खरं वाटलं. केन्नाला ओळखणाऱ्या कुणालाही वाटलं असतं.

एफीनं भांडं मागवून घेतलं. स्वतःच्या चमच्यानं घास घेतला. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तिनं ढाल टेबलावर ठेवली, अगदी अलगद.

"एवढं सगळं कशाला, केन्ना?" ती म्हणाली. "गेल्या वर्षीसारखं तोंडावर बोलली असतीस तरी चाललं असतं. मला सवय आहे."

केन्नाला काही कळेना. ती व्यासपीठावरून वाकून मला विचारायला लागली, काय झालं, ही अशी का करते आहे? मी चिडले होते. म्हटलं, सोंग पुरे कर, भांड्यात नुसतं मीठ आहे, घास गिळवत नाही कुणाला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माणसाचा चेहरा असा पडलेला त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मग तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली.

ती काय विचार करत होती, तेही तिनं मला नंतर सांगितलं. गप्प राहिलं तर गाव तिला दुष्ट म्हणणार होतं, आणि दुष्टपणाची तिला लाज नव्हती, तो तर तिचा नावलौकिकच. गप्प राहिलं तर चवीचा मान शाबूत राहत होता, खुर्ची शाबूत राहत होती. फक्त एफी त्या टेबलापाशी उभी होती, कोटाची बटणं चुकीच्या काजात लावत.

केन्ना उठली. "मला चव लागत नाही," ती म्हणाली. "मार्चपासून. मीठ नाही, मध नाही, काहीच नाही."

आणि सभागृह खो खो हसलं. डुगलनं तर टाळी वाजवली. आम्हाला वाटलं, हा विनोदाचा पुढचा भाग. तिचे विनोद असेच असायचे, चेहरा कोरा ठेवून. मीही हसले. आज आठवलं की कानशिलं तापतात.

ती उभीच राहिली, हसणं थांबायची वाट बघत. ते थांबेना. तेव्हा तिनं खाली बसून एफीचं भांडं पुढे ओढलं आणि खायला सुरुवात केली. एक घास, दुसरा घास. ओठ वाकडे नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. भुकेलं माणूस खातं तशीही नाही. तोंडात घालायचं, चावायचं, गिळायचं. ज्या भांड्यातला एकेक घास आम्हाला गिळवला नव्हता, त्यातली लापशी ती चमच्यामागून चमचा संपवत होती. हसणं आधी पुढच्या रांगेत थांबलं, मग मागच्या. कुणाला कुणाकडे बघवेना. मास्तर उठून बाहेर निघून गेले.

एफीनं तिचा हात धरला. "पुरे," ती म्हणाली. "मरशील." चमचा काढून घेऊन तिनं तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. केन्ना पाणी प्यायली. तेही तिला कसलंच लागलं नसणार.

लोक हळूहळू पांगले. टेबलाशी त्या दोघी आणि भांडी गोळा करत मी.

"मार्चपासून?" एफीनं विचारलं.

"हो."

एफी जरा वेळ हिशेब करत राहिली. मग म्हणाली, "मे महिन्यात रुरीला जाऊन वर्ष झालं, तेव्हा मी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. त्याच्या आवडीचं माशांचं सूप केलं होतं. तू सगळ्यांसमोर म्हणालीस की रुरी असता तर पानावरून उठून गेला असता."

केन्नानं मान वर केली नाही. "म्हणाले."

"मी ते त्या दिवसापासून केलेलं नाही." एफीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तुला नावं ठेवायला मी सांगत नाही, चांगलंही म्हणायला सांगत नाही. फक्त खरं सांग. कसं झालं होतं ते?"

केन्ना रिकाम्या ग्लासाकडे बघत बसली.

"मला माहीत नाही, एफी," ती म्हणाली.