पिस्गा चर्चचा मांडव

ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडात कुणी फोन न करता बाकरवडीचं पाकीट घेऊन दारात उभं राहिलं, की काम आहे असं समजावं. सौमित्र पेठे दोन पाकिटं घेऊन आला होता. म्हणजे काम मोठं होतं.

सौमित्र माझ्या मैत्रिणीचा, शुभाचा, मुलगा. बिल्डर आहे, आणि त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, मराठी मंडळाचा प्रेसिडेंटही होता. मी स्ट्रक्चरल इंजिनियर. ह्यूस्टनच्या चिकणमातीवरच्या इमारती का कलतात हे बघण्यात माझा जन्म गेला. आता निवृत्त आहे, पण लायसन्स चालू ठेवलंय. जीभही.

"मावशी, तुमची एक सही हवी होती," तो म्हणाला आणि चहाच्या कपाशेजारी एक गुळगुळीत ब्रोशर ठेवलं. वर लिहिलं होतं, 'विल्सन्स बेंड : नेबरहुड रिव्हायवल.'

विल्सन्स बेंड ही डाउनटाउनच्या कुशीतली काळ्या लोकांची जुनी वस्ती. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी वसवलेली. साठच्या दशकात तिच्या डोक्यावरून फ्रीवे नेला, दुकानं गेली, तरुण माणसं गेली. आता डाउनटाउनच्या ऑफिसांजवळ घर हवं असणारे आले, तशी सौमित्रला ती जागा दिसायला लागली. प्लॉट त्यानं एकेक करून घेतले होते. कोपऱ्यावरचं पिस्गा बॅप्टिस्ट चर्च तेवढं विकायला तयार नव्हतं. इमारत धोकादायक आहे अशी तक्रार शहराच्या बोर्डाकडे गेली होती, आणि 'दुरुस्तीपलीकडे' असं एखाद्या इंजिनियरनं लिहून दिलं की बोर्ड पाडायची ऑर्डर काढणार होतं.

"तक्रार कुणी केली?" मी विचारलं.

"कुणीतरी केली, मावशी. पॉइंट तो नाहीये. वीसेक म्हातारी माणसं येतात तिथे. उद्या छप्पर डोक्यावर कोलॅप्स झालं तर? आपण सेफ्टीचंच काम करतोय ना."

मी म्हटलं, "बघून येते. पैसे नकोत. आणि डोळ्यांना दिसेल तेच लिहीन."

"ऑफ कोर्स," तो म्हणाला. माझं शेवटचं वाक्य त्यानं ऐकलंच नव्हतं.

ऑक्टोबर होता, तरी घामाच्या धारा लागलेल्या. फ्रीवेखालून आत वळले तर रिकाम्या प्लॉटांवर नुसत्या पायऱ्या उभ्या. घरं गेली, पायऱ्या राहिल्या. त्यांच्यामधे तीन मजली नवी टाउनहाउसेस, सगळी एकाच रंगाची. आणि कोपऱ्यावर ते पांढरं लाकडी चर्च. ईशान्येचा कोपरा खचलाय हे मला गाडीतूनच दिसलं. दारावर कापडी फलक होता : 'रिव्हायवल. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात. सर्वांचे स्वागत.'

हाच शब्द मी सौमित्रच्या ब्रोशरवर वाचला होता. मी समजले, वस्तीच्या रिव्हायवलची जाहीर सभा आहे. असल्या सभा मी आयुष्यभर झेलल्यात. स्लाइड्स, पाणचट कॉफी, आणि शेवटी 'एक्स्पर्ट कुणी आहे का' म्हणून विचारणा. वेळही सातचीच झाली होती. डिकीतून हेल्मेट काढून डोक्यावर चढवलं, टॉर्च आणि ओळंबा घेतला आणि शिरले.

दारात पांढरे हातमोजे घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी माझ्या हेल्मेटकडे पाहिलं आणि माझ्या हातात पुठ्ठ्याचा पंखा दिला. "रिव्हायवलसाठी?"

"हो. मी स्ट्रक्चरल इंजिनियर."

"परमेश्वराची कृपा," ते गंभीरपणे म्हणाले आणि मला थेट पहिल्या बाकावर नेऊन बसवलं.

स्लाइड्स नव्हत्या. तपकिरी सुटातला एक पाहुणा पास्टर टॉवेलनं मान पुसत बोलत होता. पाया खचलाय, म्हणाला. मी मान डोलावली, मला बाहेरून दिसलंच होतं. भिंती कलल्यात, म्हणाला. मी पुन्हा मान डोलावली. माझ्या मागून 'होय, होय' असे आवाज येत होते. एवढी जाणकार सभा मी पाहिली नव्हती. मग त्यानं हात पसरले आणि विचारलं, "हे घर सावरायला कोण उठणार? कोण पुढे येणार?"

मी उठले आणि पुढे गेले. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणी तरी ऑर्गनवर सूर धरला. पास्टरनं माझा हात हातात घेतला. "बहिणी, काय घेऊन आलीस?"

"टॉर्च आणि ओळंबा," मी म्हटलं. "जमिनीखाली शिरायची झडप कुठे आहे?"

ऑर्गन थांबला. मग पहिल्या बाकावरच्या पांढऱ्या हॅटमधल्या एक वृद्ध बाई हसायला लागल्या. खांदे गदगदा हलेपर्यंत हसल्या, आणि त्यांच्यामागे अख्खं चर्च. रिव्हायवल म्हणजे वस्तीचा विकास नव्हे हे मला त्यांनीच समजावलं. वर्षातून एकदा बाहेरगावचा पास्टर बोलवायचा आणि आठवडाभर रोज भक्तीला फुंकर घालायची. आपल्याकडचा सप्ताहच म्हणा. आणि मी सप्ताहात हेल्मेट घालून शिरले होते.

त्या बाईंचं नाव ओडेसा प्रूइट. तिथे सगळे त्यांना मदर प्रूइट म्हणत. ऐंशी ओलांडलेल्या, माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्यांनी विचारलं, "तुला पाठवलं कुणी?" मी खरं ते सांगितलं. प्लॉट घेणाऱ्यानं. हसू थांबलं. हातमोजेवाल्या गृहस्थांनी माझ्या हातातला पंखा परत घेतला.

मदर प्रूइट माझ्याकडे बघत राहिल्या. "मग उद्या उजेडात ये," म्हणाल्या, "आणि नीट बघ."

दुसऱ्या दिवशी या वयात, या गुडघ्यांनी, मी त्या चर्चच्या जमिनीखाली सरपटत होते. वर फळ्यांवर मदर प्रूइट खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि खाली मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होत्या. त्यांच्या आजोबांच्या पिढीनं हे चर्च उभं केलं. बाजूला शाळा होती, न्हाव्याचं दुकान होतं, अंत्यविधी करणाऱ्यांचं ऑफिस होतं. मग शहरानं कागदावर एक शब्द लिहिला, 'ब्लाइट', आणि त्या शब्दाच्या जोरावर फ्रीवे आला.

"ब्लाइट टोमॅटोवर पडतो," त्या वरून म्हणाल्या. "मी लावलेत टोमॅटो. मला माहीत आहे."

मला आपला करपा आठवला. पानावर पडतो तो. नांदत्या वस्तीला करपा पडलाय असं लिहून मोकळं व्हायचं आणि वरून रस्ता न्यायचा, याची मला त्या मातीत पालथं पडल्यापडल्या चीड आली.

"पूर आले, वादळं आली," त्या सांगत होत्या. "फ्रीवेचे खांब ठोकत होते तेव्हा खिडक्यांच्या काचा थडथडायच्या. एकदा शहरानं दाराला कुलूप ठोकलं, तेव्हा आम्ही पायऱ्यांवर उभं राहून प्रार्थना केली. या जागेवरचा एकही रविवार चुकलेला नाही. तुझ्या त्या माणसाला इमारत हवी आहे असं तुला वाटतं. त्याला प्रार्थनेविना गेलेला एक रविवार हवाय."

मी हातोडीनं तुळया ठोकून पाहिल्या. ईशान्य कोपऱ्यातली खालची तुळई वाळवीनं खाल्ली होती, दोन खांब कलले होते. बाकीचं लाकूड जुन्या पाइनच्या गाभ्याचं, खणखणीत वाजणारं. सौमित्रच्या टाउनहाउसांना ते जन्मात मिळणार नाही. कोपरा उचलायचा, तुळई बदलायची, खांब नव्यानं बसवायचे. संपलं.

मी सौमित्रला फोन केला आणि हेच सांगितलं.

"मावशी, टेक्निकली काहीही रिपेअर होतं," तो म्हणाला. "पण इट्स नॉट वर्थ इट."

"गळतंय म्हणून देऊळ पाडून तिथे फ्लॅट बांधतात का रे? जीर्णोद्धार म्हणतात आपल्यात त्याला."

"ते आपल्यात. ही लोकं वेगळी, यार मावशी. तुम्हाला माहितीये तो एरिया."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. मी या देशात आले तेव्हा आपल्याच लोकांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, 'त्या' भागात जायचं नाही. पस्तीस वर्षांनी हा ह्यूस्टनात जन्मलेला मुलगा तेच ऐकवत होता.

मी म्हटलं, "ही लोकं समान हक्कांसाठी रस्त्यावर उतरली, पोलिसांची कुत्री अंगावर घेतली, तुरुंगात गेली. त्यांच्यामुळे या देशाला आपल्यासारख्यांसाठी दार बंद ठेवायची लाज वाटली. तुझ्या बापाला व्हिसा कुठल्या वर्षी मिळाला ते विचार, आणि त्याआधी का मिळत नव्हता तेही विचार."

"तुम्ही इमोशनल होताय."

"हो, झालेय. रिपोर्ट मात्र कोरडा आहे, काळजी करू नकोस."

बोर्डापुढे मी तो वाचला. इमारत जीर्ण आहे, मोडीत निघालेली नाही. बोर्डानं पाडायची मागणी फेटाळली. पण पुढे एक ओळ घातली : कोपरा उचलून तपासणी होईपर्यंत आत कुणी जायचं नाही. मला ती ओळ खोडता येईना. मीच लिहिलं होतं की कोपऱ्याला आधार हवा.

बाहेर सौमित्र माझ्याजवळ आला. मराठीत, अगदी लाडानं म्हणाला, "मावशी, जिंकलात तुम्ही. परमिट, काँट्रॅक्टर, इन्स्पेक्शन... सहा महिने सहज जातील. तोवर ही माणसं कुठे कुठे दुसऱ्या चर्चला जायला लागतील. मला घाई नाहीये."

शेजारी उभ्या मदर प्रूइटना त्यातला एक शब्दही कळला नाही, पण त्याचा चेहरा कळला. "हा गुरुवार आहे," त्या मला म्हणाल्या. "रविवारचं काय?"

लहानपणी साताऱ्याजवळच्या आमच्या गावात देऊळ दुरुस्तीला काढलं होतं. तेव्हा मूर्ती शेजारी मांडवात आणून ठेवली होती आणि काम संपेपर्यंत सगळी पूजाअर्चा तिथेच चालली होती. मांडव आता माझ्याकडेही होता. मराठी मंडळाचा. तो माझ्या गॅरेजमधे असतो, कारण कमिटीतल्या बाकीच्यांच्या गॅरेजांत भारी गाड्या असतात. गणपती होऊन गेले होते. संक्रांतीपर्यंत तो कुणाला लागणार नव्हता, आणि कुणाला विचारायच्या भानगडीत मी पडले नाही.

शनिवारी हातमोजेवाले गृहस्थ पिकअप घेऊन आले. डीकन हॉलोवे त्यांचं नाव; डीकन म्हणजे चर्चचे कारभारी. चर्चच्या अंगणात आम्ही दिवसभर पाइप जोडले. मी प्रत्येक खांब ओळंब्यानं तपासला आणि पाइप धरणाऱ्या प्रत्येकाला चार शब्द ऐकवले. निळं-पांढरं कापड चढलं, झालरीवर देवनागरीत 'सुस्वागतम्'. तिथे काय लिहिलंय ते मदर प्रूइटनी विचारलं. मी अर्थ सांगितला. म्हणाल्या, राहू दे तसंच.

रविवारी वीसेक माणसं येतील असं मला वाटलं होतं. जुन्या वस्तीतून उठून दूर दूर राहायला गेलेली मुलं-नातवंडं आली होती, अंगणाबाहेर फुटपाथवर खुर्च्या गेल्या. नव्या टाउनहाउसातलं एक जोडपंही कुत्र्याला घेऊन उभं राहिलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही.

दुसरं गाणं चाललं असताना सौमित्रची गाडी आली. मंडळाच्या याहू ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. तो तरातरा आत आला. नाकाला मिरच्या झोंबलेल्या स्पष्ट दिसत होत्या.

"मावशी, हा मंडळाचा मांडव आहे. प्रेसिडेंट म्हणून सांगतोय, आत्ताच्या आत्ता खाली घ्या."

"देव बसलेला असताना मांडव उतरवत नाहीत," मी म्हटलं. "एवढं शुभानं शिकवलं असेल तुला."

"इथे कुठला देव बसलाय?"

त्याचा आवाज चढला होता. गाणं थांबलं. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मदर प्रूइट बसल्या जागेवरून म्हणाल्या, "काय म्हणतोय तो?"

मला ते इंग्रजीत सांगायची लाज वाटली. तरी सांगितलं, शब्दाला शब्द. मागे कुठेतरी खुर्ची सरकली. सौमित्रनं मान खाली घातली. मराठीतलं बोलणं मराठीतच राहील अशी त्याला खात्री होती.

मदर प्रूइट काठी टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे डीकन हॉलोवे उभे राहिले, मग पुढची रांग, मग सगळी अंगणभर माणसं. मदर प्रूइटनी सौमित्रकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहिलं.

"त्याला सांग," त्या म्हणाल्या, "की तुझ्या आधीपासून बसलाय. आणि तू पाडलंस तरी उठणार नाही."

मी मराठीत सांगितलं. सावकाश, मोठ्यानं, त्या म्हणाल्या तसंच. मग मदर प्रूइटनी स्वतःच सूर धरला, आणि सौमित्र गाडीपर्यंत पोहोचायच्या आत अख्खं अंगण गात होतं.

पुढच्या कमिटी मीटिंगमधे माझं नाव मंडळातून काढलं. मांडव मात्र कुणी न्यायला आलं नाही. मार्चमधे कोपरा उचलला, तपासणी झाली, दार उघडलं. तोवर हिवाळाभर त्या कापडाखाली प्रार्थना झाली. पावसात झाली, एकदा गारांतही झाली. रविवार एकही चुकला नाही.