पाकोळीचा शिक्का

फ्रेमवाल्याने काकूंना बसायला स्टूल दिलं आणि मग दुकानाचं दार आतून लोटून घेतलं. असं तो कधी करत नसे. काकू महिन्यातून दोनदा त्याच्याकडे यायच्या, फ्रेमा कापून उरलेल्या जाड पुठ्ठ्यांचा गठ्ठा बांधून न्यायच्या आणि बदल्यात त्याच्या काउंटरवर आपल्या हातची भेटकार्डं ठेवायच्या. स्वतः कोरलेले रबरी शिक्के, फाडलेले कागद, टिश्यू, दोरा, बटणं, लेस, जलरंग, जे हाताला लागेल त्यातून ही कार्डं व्हायची. आसपासचे सगळे त्यांना कार्डवाल्या काकू म्हणायचे, त्यामुळे त्यांच्या यजमानांचे आपोआप काका झाले होते.

"काकू, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"येण्यासारखं असेल तर येईल. विचार."

त्याने ड्रॉवरमधून चार कार्डं काढली आणि काचेवर मांडली. "ही तुमची का?"

तपकिरी कागदावर गाड्यांच्या जुन्या वेळापत्रकाचे फाडलेले तुकडे, त्यावर सुरकुतलेला निळा टिश्यू, कोपऱ्यात दोऱ्याने शिवलेलं पांढरं बटण आणि वर काळ्या शाईतले तीन पाकोळी पक्षी. गोंद कडेने बाहेर आलेला. शिक्के इतके दाबून मारलेले की रबराच्या ठोकळ्याची कडही कागदावर उमटली होती. नवशिक्याचं काम. काकू तसं म्हणणार, एवढ्यात त्यांना पाकोळीच्या डाव्या पंखातली खाच दिसली. तांदळाच्या दाण्याएवढी. सहा वर्षांपूर्वी हा शिक्का कोरताना त्यांच्या हातातलं पातं सटकलं होतं, त्याची ती खाच. असा शिक्का जगात एकच होता आणि तो त्यांच्या टेबलाच्या तिसऱ्या खणात होता.

"आत वाचा," फ्रेमवाला म्हणाला.

आत हस्ताक्षर नव्हतं. एकेका अक्षराचा शिक्का मारून ओळ जुळवलेली, काने-मात्रा वाकडेतिकडे. 'आज ऊन छान आहे. खिडकी उघडा.' दुसऱ्यात, 'फार वेळ वाकून बसता. पाठ जपा.' खाली नाव कुठेच नाही.

"पलीकडच्या चौकात पडदे शिवणाऱ्या बाई आहेत ना, एकट्या राहतात त्या? दोन महिने त्यांच्या दाराखालून ही कार्डं येतायत. बाई धास्तावल्यात. परवा कडी बदलून घेतली. मला म्हणाल्या, असली कार्डं कोण बनवतं ते तेवढं शोधून दे. आता काकू, इथे असली कार्डं बनवणारं..." तो अडखळला.

"माझ्याशिवाय कोणी नाही. असंच ना?"

"मी तसं म्हटलं नाही."

"माझ्या कार्डातून गोंद असा बाहेर आलेला पाहिलायस कधी? माझी नाहीत ही."

"तेच मी त्यांना सांगितलं," तो म्हणाला. पण डोळे काही वेगळंच सांगत होते. खाचेबद्दल काकू काही बोलल्या नाहीत. पुठ्ठे न घेताच त्या घरी आल्या.

काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत त्यांचं कामाचं टेबल होतं. त्यांनी तिसरा खण ओढला. पाकोळी जागेवर होती, पण चोच उजवीकडे करून. काकू ती नेहमी डावीकडे ठेवत. अक्षरांच्या डबीतला 'ख' त्यांनी बोटावर टेकवला. बोट काळं झालं.

या टेबलापाशी येणारी माणसं मोजून तीन. एक त्या स्वतः. दुसरे काका. ते दहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते, आणि चहाचा कप ठेवण्यापलीकडे टेबलाशी त्यांचा संबंध नव्हता. "चौतीस वर्षं शिक्केच मारले, आता बघवत नाहीत," असं ते म्हणायचे. राहिल्या वन्सं. काकांची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि आठवड्यातून तीन दुपारी काकूंबरोबर कार्डं करायला यायच्या. कात्री चालवावी ती वन्संनीच. आणि गेल्याच वर्षी पडद्यांची लांबी चुकली म्हणून त्यांचं त्या शिवणाऱ्या बाईंशी कडाक्याचं वाजलं होतं. "बघून घेईन तिला," असं वन्सं ह्याच खुर्चीत बसून म्हणाल्या होत्या.

संशयाचं असं असतं की एकदा तो आत आला, की मग कोणी साधं शिंकलं तरी त्यात काहीतरी दिसतं. त्या आठवड्यात वन्सं काळ्या शाईचं पॅड मागायच्या आणि काकूंच्या मनात चर्र व्हायचं. वन्संनी निळा टिश्यू उचलला की काकू त्याचे तुकडे मोजायच्या. वन्संची बोटं शाईने बरबटलेली असायची, पण ती नेहमीच असायची.

"माझ्या तोंडाला काही लागलंय का गं?" एकदा वन्संनी विचारलंच. "सारखी बघतेस."

काकूंना आता राहवलं नाही. "वन्सं, पाकोळी तुम्ही वापरता का? माझ्या पाठीमागे?"

"पाठीमागे कशाला? समोर बसून वापरते की."

"त्या पडदेवालीच्या दाराखाली कार्डं जातायत. माझ्या शिक्क्याची. तुमचं भांडण तुमच्यापाशी, पण एकट्या बाईला असं घाबरवायला माझं सामान कशाला हवं?"

वन्संनी हातातला कागद खाली ठेवला. कात्रीला लागलेला गोंद नखाने खरवडून काढला, ती पुसली, आणि त्या उठल्या.

"मला कोणाला काही सुनवायचं असलं तर मी तिच्या दारात उभी राहून सुनावते," त्या म्हणाल्या. "चार घरांना ऐकू जाईल असं. तुला नाही माहीत?"

जिन्यावरून त्यांची पावलं खाली जाईपर्यंत काकू जागच्या हलल्या नाहीत. गेल्या वर्षीचं भांडण खरोखरच चार घरांना ऐकू गेलं होतं. दारात काका दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन उभे होते.

"ताई गेली?"

"विचारा तुमच्या बहिणीलाच."

काकांनी विचारलं नाही. एक कप टेबलावर ठेवला, दुसरा स्वतःच पिऊन टाकला.

पाच दिवसांनी फ्रेमवाल्याचा फोन आला. "काकू, अजून एक आलं. आज सकाळी." त्याने वाचून दाखवलं, 'कडी बदललीत. बरं केलंत.' बाई आता पोलिसांत जाते म्हणत होती.

काकूंनी फोन ठेवला. वन्सं तर टेबलावरच्या त्या बोलाचालीच्या दुसऱ्याच दिवशी मुलीकडे परगावी गेल्या होत्या.

कार्डावर फिरवायची चंदेरी चमकी असते, मैद्याहून बारीक. एकदा लागली की साबणालाही दाद देत नाही. काकूंनी ती चिमूटभर पाकोळीच्या लाकडी मुठीवर भुरभुरली, खण बंद केला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, "मी कागद आणायला जातेय हो. वेळ लागेल." दोन तास त्या बागेतल्या बाकावर बसून राहिल्या. आपल्याच नवऱ्यासाठी सापळा लावून बसलोय, ह्याची लाज वाटत होती; आणि तो रिकामा निघावा असं मनापासून वाटत होतं.

घरी आल्या तेव्हा काका वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना तर्जनीने चष्मा वर ढकलायची सवय होती. चष्म्याच्या दांडीवर, नाकाच्या शेंड्यावर आणि डाव्या भुवईत चांदणं पडल्यासारखी चमकी चमचमत होती.

"अहो, नाकाला काय लागलंय?"

काकांनी नाक पुसलं. चमकी गालावर गेली. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि वर्तमानपत्राची घडी घातली. घडी घालायला त्यांना बराच वेळ लागला.

"बाई दिसायला बरी आहे का?" काकूंनी विचारलं.

"अगं, काहीतरीच काय!"

"काहीतरीच तुम्ही करताय. मी फक्त विचारतेय."

मग काकांनी सांगितलं. ते घरांच्या नोंदणीच्या कचेरीत होते, खिडकी क्रमांक चार. नवरा गेल्यावर ही बाई घर आपल्या नावावर करून घ्यायला आली. नवऱ्याच्या नावात एका कागदावर पहिली वेलांटी होती, दुसऱ्यावर दुसरी. काकांनी 'परत' असा शिक्का मारून अर्ज परत केला. ती पुन्हा आली. पुन्हा परत. असं अकरा वेळा.

"अकराव्यांदा तिने काउंटरच्या काचेवर डोकं टेकलं. रडत नव्हती, नुसतं टेकलं. आणि मी म्हटलं, बाई, काच आताच पुसलीय. डोकं उचला."

काकू खुर्ची ओढून समोर बसल्या.

"निवृत्त झाल्यावर सकाळी फिरायला जातो, तर वाटेत तिचं घर. बंद खिडकीआड मशीनवर वाकलेली दिसायची. रोज. वाटलं, चार शब्द बरे कानावर पडावेत तिच्या."

"मग बोलायचं होतं चार शब्द. तोंड कशाला दिलंय?"

"मला येत नाही गं. शिक्का मारणं तेवढं हाताला आलंय."

"आणि ह्या टेबलावर मी वन्संना चोर ठरवत होते, तेव्हाही तोंड उघडता आलं नाही? दोन कप घेऊन उभे होतात तुम्ही."

"ती घाबरलीय हे तेव्हाच कळलं. म्हणून धीर द्यायला पाचवं टाकलं," काका म्हणाले. वन्संबद्दल अवाक्षर नाही, आणि काकूंना खरा संताप आला तो यानेच. कार्डांचं एक वेळ समजण्यासारखं होतं. त्यांनी काकांना पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, मध्येच उलटसुलट प्रश्न विचारले, सामान लपवलेला कपाटावरचा बुटांचा खोका उतरवायला लावला. त्यात वेळापत्रकाचे फाडलेले कागद होते आणि कचेरीच्या जुन्या शर्टांची काढलेली बटणं. गोष्ट जुळत होती. तरी काकूंच्या मनातली अढी पूर्ण गेली नाही.

"उद्या सकाळी जायचं. दोघांनी," त्या म्हणाल्या.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून आधी कापडाची मोठी कात्री दिसली आणि मग बाई.

"मी कार्डवाली," काकू म्हणाल्या.

पण बाई काकूंकडे बघतच नव्हती. "खिडकी क्रमांक चार," ती म्हणाली.

काकांनी मान खाली घातली. "कार्डं मी टाकत होतो. घाबरवायला नव्हे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"बरं?" बाईचा आवाज चढला नाही. "दाराखालून कागद सरकला की मी मशीन थांबवून श्वास रोखून बसायचे. तुम्ही म्हणत होता खिडकी उघडा, आणि मी खिडकीला जाड पडदा शिवत होते. कडी बदलली तेही बघितलंत. म्हणजे अजून कोण कोण बघतं, ह्याचा विचार करत बसायचे मी."

"चुकलं."

"काय चुकलं? कार्डं की ते आधीचं?"

"दोन्ही."

बाईने साखळी काढली नाही. ती म्हणाली, "घर अजून ह्यांच्याच नावावर आहे. वेलांटी अजून तिथेच अडकलीय."

"त्याला एक प्रतिज्ञापत्र लागतं," काका पटकन म्हणाले. "एक पान. दोन्ही नावं एकाच माणसाची, एवढंच लिहायचं."

"मग अकरा वेळांत एकदा तरी सांगायचं."

"तुम्ही विचारलं नव्हतंत," असं काका बोलून गेले, आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा पडला. काकूंना वाटलं आता दार तोंडावर आपटणार. पण बाई आत गेली, पाचही कार्डं घेऊन आली आणि फटीतून बाहेर सरकवली.

"ही न्या. गुरुवारी दहाला कचेरीपाशी या. लिहून द्या ते पान."

गुरुवारी काका जन्मात पहिल्यांदा खिडकी क्रमांक चारच्या बाहेरच्या बाजूला रांगेत उभे राहिले. नव्या कारकुनाने अर्ज एकदा परत केलाच. फोटो जुना होता. काका त्याच्याशी भांडले. घरी येऊन ते आवाज बसेपर्यंत कारकुनाला नावं ठेवत होते आणि काकू निमूट ऐकत होत्या. दुसऱ्या खेपेला काम झालं. बाईने दोघांनाही चहाला बोलावलं नाही, पण पोलिसांतही ती गेली नाही.

वन्सं परत आल्याचं कळलं तशा काकू त्यांच्याकडे गेल्या. "मी चुकले, वन्सं. सगळं तुमच्या भावाचं होतं."

"भावाचं मला कळलं. त्याने फोन केला होता." वन्सं दारातच उभ्या होत्या. "पण तुला माझ्याबद्दल तसं वाटलंच कसं? एवढी वर्षं शेजारी बसतो आपण."

काकूंनी बरीच उत्तरं घोळवून आणली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. "वाटलं खरं," एवढंच त्या म्हणाल्या.

"हं," म्हणून वन्सं आत गेल्या. दार मात्र उघडंच ठेवलं, म्हणून काकूही आत गेल्या.

तीन आठवड्यांनी एका दुपारी वन्सं पुन्हा कामाला आल्या. स्वतःचं शाईचं पॅड, स्वतःचे कागद, सगळं कापडी पिशवीतून आणलं होतं. लागेल ते काढून घेतलं आणि पिशवी टेबलाच्या मधोमध ठेवली, तोंड उघडं करून, काकूंना आतलं सगळं दिसेल अशी.

"मिटून ठेवा ना ती," काकू हळूच म्हणाल्या.

"असू दे," वन्सं म्हणाल्या आणि कागद कापू लागल्या.