तरंगबाबांच्या नाचऱ्या पट्ट्या

कोथरूडच्या त्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर तरंगबाबा डोळे मिटून बसले होते. त्यांच्यापासून चांगलंच लांब, टेबलावर, आवाजाचा भलामोठा डिजिटल मिक्सर होता; प्रत्येक वाद्याचा आवाज कमी-जास्त करायला त्यावर एकेक सरकती पट्टी होती. ध्वनिमुद्रित भजन सुरू झालं, बाबांनी हवेत हात फिरवला आणि मिक्सरवरच्या पट्ट्या, कुणी बोट न लावता, वर-खाली सरकू लागल्या. मृदंगाची पट्टी वर गेली, मृदंग घुमला. बासरीची खाली आली, बासरी विरली. मोठ्या पडद्यावर सगळं दिसत होतं.

"ही क्वांटम स्पंदनं!" बाबा गरजले. "जी पट्टीला हलवतात, ती तुमच्या रक्तातल्या साखरेला नाही हलवणार?"

गर्दीत दत्तप्रसाद होता, हिंजवडीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर. तो मधुमेह असलेल्या आईला, गोदाबाईंना, नुसता सोडायला आला होता. बुवाबाजीवर आपला विश्वास नाही, हे रिक्षात बजावूनच. आता तो उठला, टेबलाखाली वाकला. दोरा शोधला, चुंबक शोधलं. दोन्ही नव्हतं. यंत्रांना आपोआप कामाला लावण्याचाच पगार घेणाऱ्या या गृहस्थाला तिसरी शक्यता काही सुचली नाही. बाबांच्या शिष्यानं हाती माईक दिला आणि तो बोलून गेला, "मी स्वतः इंजिनिअर आहे. मी तपासलं. यात फसवणूक नाही."

टाळ्या पडल्या. त्या त्याला आवडल्याही.

गोदाबाईंनी त्या दिवसापासून इन्सुलिन बंद केलं. आठवडाभरात त्या स्वयंपाकघरात कोसळल्या.

दवाखान्यात त्यांची साखर आटोक्यात आल्यावर दत्तप्रसादने बायकोला, नम्रताला, सगळं सांगितलं. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची.

"टेबलाखाली खरंच काही नव्हतं गं."

"अहो इंजिनिअर, टेबलाखाली बघितलंत. मिक्सरच्या आत?"

पुढच्या सत्संगाला ती त्याला घेऊनच गेली. भर सभेत उभी राहून म्हणाली, "बाबा, भजन बंद ठेवून फक्त मृदंगाची पट्टी हलवाल का?"

"बाळ, स्पंदनांना नादाचं वाहन लागतं."

"बरं. मग भजन मी लावते, आपण हात मांडीवर ठेवा."

शिष्य धावून येईपर्यंत तिने मिक्सरपाशी जाऊन बटण दाबलंसुद्धा. पट्ट्या तशाच नाचल्या, गाण्याच्या त्याच त्या जागी. बाबांचे हात मांडीवरच होते.

"प्रत्येक पट्टीला आत छोटी मोटर जोडलेली आहे," नम्रता म्हणाली. "आधी कुणीतरी हे भजन लावून हातानं पट्ट्या सरकवल्या. कुठल्या क्षणी कुठली पट्टी कुठे होती, ते मिक्सरनं साठवून ठेवलं. आता गाणं त्या क्षणाशी आलं, की मोटर पट्टीला तिथं नेते. याला ऑटोमेशन म्हणतात. आमचे विज्ञानाचे पाठ ध्वनिमुद्रित होतात, त्या स्टुडिओत हे रोजचंच आहे. बाबा फक्त पाठ केलेल्या जागी हात फिरवतात."

दत्तप्रसादने माईक घेतला. "मागे मी तपासलं म्हणालो. खरं तर मला कळलं नव्हतं, एवढंच. मला कळलं नाही म्हणजे चमत्कार झाला, असं नसतं. कुणी औषधं थांबवली असतील, तर आजच आपल्या डॉक्टरांकडे जा."

"मग तेव्हा कशाला बोललात?" मागून एका आजोबांनी विचारलं. दत्तप्रसादने माईक खाली ठेवला.

तिथून तो थेट दवाखान्यात गेला. "आई, तो बाबा लबाड निघाला."

"मला काय करायचंय त्याचं?" गोदाबाई म्हणाल्या. "त्याच्यावर मी विश्वास ठेवलाच नव्हता. माझा मुलगा तपासलं म्हणाला, त्याच्यावर ठेवला."

तेव्हा बाबाबुवांना प्रश्न विचाराच. पण 'मी तपासलं' म्हणणाऱ्या घरच्या शहाण्याला त्याच्याही आधी विचारा: काय तपासलंस, आणि कसं?