बॉनेटखालचे डबे

परवा माझा पुतण्या रेइजी मला नवा पोकलेन दाखवायला साइटवर घेऊन गेला. पाच मिनिटं काम थांबलं की ह्याचं इंजिन आपोआप बंद होतं. वर तो आकडे दाखवतो, इतकं डिझेल वाचलं, तितकं वाचलं. त्याला वाटलं आत्या तोंडात बोट घालेल. मी म्हटलं, बाबा रे, हेच काम मी तुझ्या जन्माआधी गळ्यात गजराचं घड्याळ अडकवून केलंय. तो हसला. मी वाढवून सांगते असं त्याला कायम वाटतं. वाटू दे.

ही गोष्ट १९७९च्या हिवाळ्याची. त्या वर्षी तेलाची अशी टंचाई झाली की पंपवाला ओळख विसरला. आम्हाला महिन्याला जेवढी पिंपं लागायची त्याच्या निम्मीच तो देई, तीही उपकार केल्यासारखी. माझे वडील गोन्झो शिराटो, त्यांची छोटी बांधकाम कंपनी, तीन पोकलेन आणि दहा माणसं. मी तेव्हा चोवीस वर्षांची. सेंदाई शहरातली टायपिस्टची नोकरी साहेबाशी भांडून सोडून आले होते. राग नाकावर आणि हाताला काम नाही, म्हणून वडिलांनी मला डिझेलच्या राखणीला बसवलं.

आमच्या उत्तर जपानातल्या इवाकी नदीच्या बांधाचं काम चालू होतं. बांध डिसेंबरअखेर पुरा झाला तर पुढे मार्चपर्यंत गावचे रस्ते बर्फातून मोकळे करायचं कामही आमचंच, असं ठरलं होतं. नाही झाला तर आमच्याकडचे पुरुष दर हिवाळ्यात करतात तेच, तोक्योची गाडी धरायची, तिथे मजुरी करायची आणि एप्रिलमध्ये घरी यायचं. दहातले नऊ जण कुरकुरत का होईना, गेले असते. दहावे, आमचे पोकलेनचालक सासामोरीसान, जाऊ शकत नव्हते. आठ हिवाळे त्यांनी तोक्योत काढले होते. मग बायको तोमी अंगणात पडली आणि तिची डावी बाजू लुळी झाली. वडिलांनी त्यांना शब्द दिला होता, यापुढे हिवाळ्यातही तुम्हाला इथेच काम देईन. आता तो शब्द डिझेलच्या पिंपांवर लटकला होता. वडील म्हणाले, डिसेंबरच्या दहा तारखेपर्यंत खप उतरला नाही तर एक मशिन उभं करावं लागेल. आणि उभं करायचं तर सगळ्यात म्हातारं, सगळ्यात जास्त पिणारं. ते सासामोरीसानांचं होतं.

म्हणजे बघा, त्यांचीच जागा वाचावी म्हणून मी कडाक्याच्या थंडीत बांधावर उभी राहून कुठलं मशिन किती मिनिटं रिकामं धुमसतंय ते लिहीत होते, आणि रिकामं धुमसण्यात सगळ्यांत पुढे सासामोरीसानच. साडेअकरा वाजले की मशिन कडेला लावायचे, इंजिन चालूच ठेवायचे आणि फावडं घेऊन बाकीच्यांत मिसळायचे. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत ते यंत्र एकटंच घुरघुरत बसायचं. मी विचारलं की एकच उत्तर, एवढ्या थंडीत बंद केलं की म्हातारं परत उठत नाही. तेही खोटं नव्हतं. पण दीड तास? माझ्या डोक्यात तिडीक जायची.

एके दिवशी मी तरातरा गेले आणि स्वतः किल्ली फिरवायला हात घातला. सासामोरीसान धावत आले. त्यांनी बॉनेट उचललं. आत गरम इंजिनावर वर्तमानपत्रात गुंडाळलेले जेवणाचे डबे ओळीनं मांडले होते. अकरा. मुळ्याच्या लोणच्याचा वाफाळता वास माझ्या तोंडावर आला. शेवटच्या डब्याला निळं फडकं बांधलं होतं, ते माझं. महिनाभर मी गरम भात खात होते आणि समजत होते की शेडमधली शेगडी चांगली आहे. ज्या डिझेलचा मी हिशोब मागत होते ते माझ्याच पोटात जात होतं. अशी शरमले की काय सांगू.

तरीही मी लिहिलं. दीड तास, रोज. त्या वयात मला वाटायचं की खरेपणा म्हणजे एवढंच. वडिलांनी फर्मान काढलं, हात थांबला की इंजिन बंद. दुसऱ्या दिवशी साडेअकराला सासामोरीसानांनी किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. बारा वाजता सगळे गार भात चावत बसले. त्यात बर्फाचे कण करकरत होते. मला कुणी वाईट बोललं नाही, नुसती पाठ फिरवली. जेवणानंतर ते मशिन चालू व्हायला चाळीस मिनिटं लागली. वाचवलेलं सगळं त्या खटाटोपात पाण्यात गेलं आणि कामाचीही बोंब झाली.

संध्याकाळी मी सासामोरीसानांच्या घरी गेले. माफी मागायची होती, पण तोंडातून तक्रारच निघाली, की तुम्ही आधी सांगायचंत ना. ते म्हणाले, तू विचारलंस कुठे, नुसतं लिहीत होतीस. आमची जुंपली. तोमीसान अंथरुणावर पडून ऐकत होती. तिचं बोलणं अडखळत यायचं, पण जीभ माझ्यापेक्षा तिखट. तिनं उजव्या हातानं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे शेजारणीनं दुपारी रांधून दिलेल्या भाताचं लाकडी भांडं जुन्या रजईत गुंडाळून ठेवलेलं होतं, नवऱ्याला घरी आल्यावर गरम मिळावं म्हणून. चूल तर कधीच विझली होती.

"भात गरम राहतो," ती म्हणाली, "मग तुमचं ते धूड नाही राहणार? एवढी मोठी माणसं, साधी रजई सुचत नाही."

आम्ही दोघं खुळ्यासारखे एकमेकांकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी माणसं घरातल्या फाटक्या रजया घेऊन आली. साडेअकराला तिन्ही इंजिनं बंद. सासामोरीसानांच्या बॉनेटखाली डबे, आणि वरून दोन-दोन रजया दाबून बांधलेल्या, धुराड्यापासून लांब. बारा वाजता डबे उघडले तर भातातून वाफ निघाली. पूर्वीइतका गरम नव्हता, पण गरम. एक वाजता किल्ली फिरवल्याबरोबर म्हातारं एका दमात उठलं. बांधावरून जाणारे लोक हसायचे, शिराटोनं पोकलेनला बाळंतिणीसारखं गुंडाळलंय म्हणायचे. हसेनात का. दहा तारखेला वडिलांनी पिंपं मोजली आणि तिन्ही मशिनं चालू राहतील असं सांगितलं. सासामोरीसान बूट पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबला होता.

बांध अठ्ठावीस डिसेंबरला पुरा झाला. जानेवारीपासून सासामोरीसान रस्त्यावरचा बर्फ काढायला लागले. पहाटे जायचे, दुपारी घरी येऊन तोमीसानला भरवायचे, पुन्हा जायचे. ते दिवस आठवले की अजून मला बरं वाटतं. साऱ्या गावात नुसत्या बायका आणि म्हातारे, आणि आमचे दहा जण तेवढे घरी.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तोमीसान गेली. आमच्या भागात कितीतरी जणींच्या मरणाची बातमी नवऱ्याला तोक्योत तारेनं कळलेली आहे. बर्फात गाड्या बंद असायच्या, तो पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. मी सासामोरीसानांच्या घरी गेले तेव्हा ते तिच्या उशाशी बसले होते. शेजारी वाटीत पाणी आणि कापसाचा बोळा. मी त्यांच्यासमोर बसले.

"मित्सुए," ते म्हणाले, "शेवटचं पाणी मी पाजलं तिला. माझ्या हातानं."

एवढं बोलून त्यांनी मला वाकून नमस्कार केला. माझ्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस. मी तिथेच हमसून हमसून रडले.