शेवटच्या शेताचं पाणी

वसमतला बसस्टँडमागच्या पत्र्याच्या शेडात कोंडीबा सुतारकाम करायचा आणि त्याची बायको चांगुणा खेळ तयार करायची. फळी तो तासायचा. कुठं खिळा, कुठं पाट, हे ती ठरवायची. उतरत्या फळीच्या वरच्या अंगाला सिद्धेश्वरचं धरण, खाली पाच शेतं. गोटी म्हणजे पाणी. दोन लाकडी दारं वेळेवर उघडझाप केली की गोटी शेवटच्या शेतात पोचायची, आणि तेच जिंकणं. चांगुणाच्या माहेरचं शेत कालव्याच्या शेपटाला. तिथं पाणी कधी आलंच नाही, वरचेच पिऊन बसायचे. निदान फळीवर तरी पोचावं, एवढाच तिचा हट्ट होता. दहा खेपांत किमान तीनदा तरी पोचलं नाही तर ती फळी परत तासायला लावायची.

धंद्यानं मात्र नाकी नऊ आणले होते. त्यांचा पहिला खेळ एका व्यापाऱ्यानं पुठ्ठ्यावर छापून निम्म्या भावात विकला. दुकानदार म्हणत, मुंबईचा शिक्का असलेलं आणा. पारावरचे म्हणत, मोठ्या माणसानं गोट्या खेळायच्या का? दिवसभर पत्ते कुटणारे हेच लोक.

मग जत्रांतून पैसे लावून खेळायच्या खेळांची पालं टाकणारा गुलाबचंद आला.

"तीस फळ्या एकदम घेतो," तो म्हणाला. "फक्त शेवटचं शेत बंद करा. लोकं जिंकायला लागली तर मी काय खाऊ?"

चांगुणानं त्याला अर्ध्या चहावरून उठवला. कोंडीबा गप्प बसला. तो गप्प बसला की तिला वाटायचं, पटलं. पंधरा वर्षांच्या संसारात ही एकच चूक तिनं पुन्हा पुन्हा केली होती.

महिन्याभरानं गुलाबचंद तीस फळ्या घेऊन गेला. "हाय तशाच घेतल्या त्यानं," कोंडीबा म्हणाला. तिनं त्या दिवशी पुरण घातलं.

औंढ्याच्या जत्रेत नवरा-बायको आपला खेळ बघायला गेले. पालात पाच फळ्या मांडलेल्या, भोवती ही गर्दी. ग्यानोबा नावाचा म्हातारा शेतकरी सकाळपासून तिथंच होता.

"आठ खेपा झाल्या बाई," तो तिला म्हणाला. "आपलंच नशीब फुटकं."

चांगुणानं स्वतः तीन गोट्या सोडल्या. तिन्ही एकाच जागी वळल्या. तिनं बोट फिरवलं. शेवटच्या शेताच्या तोंडाशी सुताएवढी लाकडाची चीप बसवलेली, वरून तोच हिरवा रंग, सांधा नखाला लागत नव्हता. इतकं सफाईचं काम तालुक्यात एकालाच जमायचं.

"पोटासाठी केलं," कोंडीबा खाली बघत पुटपुटला. "शेड बंद पडली असती. घरी बोलू."

"घरी काहून? लोकं हितं नागवली जायलीत." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पैसे गेले ते गेलेच, वर तो म्हातारा स्वतःच्या नशिबाला बोल लावत होता, आणि हे तिच्या खेळानं केलं होतं. तिनं केसांतला आकडा काढला, चीप उचकटली आणि सगळ्यांसमोर धरली. "ही बघा. ह्यानं अडत होतं पाणी."

गुलाबचंद हसला. "फळी तुमच्याच घरची, बाई. कोणी बसवली सांगा की लोकांला. घ्या नाव."

गर्दीत हशा पिकला. "उखाण्यात घे गं," एक बाई म्हणाली. चांगुणानं लग्नात घेतलं तेवढंच. त्यानंतर रेशनच्या दुकानातसुद्धा ती नवऱ्याचं नाव शेजारणीकडून सांगवायची. कोंडीबानं तिच्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून.

"कोंडीबानं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं. आन् खेळ माझा हाय."

हसणं थांबलं. कोंडीबा गर्दीतून वाट काढत निघाला. तिनं त्याला हाक मारली नाही. पालात अजून चार फळ्या होत्या. चांगुणानं पदर खोचला आणि दुसरी पुढं ओढली.