सिस्टरचं पान

पुंडलिकरावांनी अक्षय्य तृतीयेची मातीची नवी घागर पाण्याने भरली, देवासमोर पसरलेल्या गव्हांवर ठेवली आणि ती डुगडुगते का ते बोट लावून पाहिलं. घागर हलली नाही. तरी ते तिथेच बसून राहिले.

"दादा, वहिनीले आवडे काय?" चुलीजवळून विमलताईंनी विचारलं.

"काय म्हंतं?"

"अखजी हाये आज. तिची पह्यली अखजी. पुरण झालं, कुरडया तळल्या, चिंचोणी झाली. पण हे तं सगळ्याच पितरांचं. ज्याचं पान मांडलं, त्याच्या आवडीचं एक तरी लागते ना पानात. माईच्या पानात आपण दरसाल भज्याची कढी ठेवतो का नाई? नाईतर माणूस उपाशीच जाते वापस."

पुंडलिकरावांनी दुपट्ट्याने हात पुसले. हात कोरडे झाले तरी पुसत राहिले.

पोळी लाटता लाटता सुरभी म्हणाली, "आत्या, आईला कडेची पोळी आवडायची. जराशी करपलेली."

"आवडे नाई बाप्पा. उरे, म्हून खाये."

सुरभीचं लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पण हळू.

थंकम्मा माघात गेली. ती केरळातली. नर्सची नोकरी लागली तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि एक काळी छत्री घेऊन गावच्या उपकेंद्रावर उतरली होती. बोरी अरबच्या फाट्यावरून तिची पेटी पुंडलिकरावांच्याच बैलगाडीत आली. पुढे त्यांच्या आईला, माईला, टायफॉइड झाला, तेव्हा ती रोज घरी येऊन सुई द्यायची. आई उठून बसली आणि पुंडलिकरावांनी लग्नाचं काढलं. आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तिने एकच गोष्ट सांगितली, "माह्या घरात मासळी येणार नाई."

"मले चालते," थंकम्मा म्हणाली होती. तिला वऱ्हाडी येत नव्हती. पण हे दोन शब्द तिने आधी उचलले आणि शेवटपर्यंत वापरले. भाताच्या तोंडाला ज्वारीची भाकर, चालते. वैशाखातलं ऊन, चालते. बाया मागून 'मद्राशीण' म्हणत, तेही चालते. सुरभी तान्ही असताना तिला पोटाशी बांधून ती लसीकरणाला फिरली. पोरीच्या परीक्षेत तिच्यासोबत जागली आणि सकाळी तशीच ड्युटीवर गेली. गाव तिला सिस्टर म्हणायचं. लग्नानंतरही पुंडलिकरावांच्या तोंडातून सिस्टरच निघायचं, आणि सगळं गाव त्यावर हसायचं. सगळ्यात जास्त तीच हसायची.

तिला काय आवडायचं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारावं असं कधी वाटलंच नव्हतं. ती समोर बसून जेवत होती.

"मी पत्रावळी घेऊन येतो," म्हणून त्यांनी टोपी घातली.

"पानाचा कोपरा रिकामा ठेवते मंग," विमलताई म्हणाल्या. "आठवलं तं सांगजा."

बंजाऱ्यांचा तांडा गावाबाहेर, नदीच्या अंगाला होता. निंबाच्या सावलीत जमनी पळसाची पानं काडीने टाचत बसली होती. पूर्वी ती तांड्याची सुईण होती. तांड्यातली कितीतरी लेकरं तिच्या आणि सिस्टरच्या हातांवर जन्मली. तांडा सिस्टरला याडी म्हणायचा, आई. जमनी मात्र तिला बहीण मानायची, त्या नात्याने पुंडलिकराव दाजी झाले होते.

"या दाजी. लई उशीर केला. सिस्टर असती तं सकायीच आली असती. पत्रावळी राह्यल्या बाजूले, पह्यले माही नखं पाह्यली असती."

ते बाजेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"जमनी, तुले मालूम असन. सिस्टरले खायले काय आवडे?"

जमनीचा हात थांबला.

"तुमाले मालूम नाई?"

ती हसणार होती. त्यांच्या तोंडाकडे पाहून हसली नाही. उठून आत गेली आणि चुलीवरच्या गाडग्याचं झाकण काढलं. चिंच, मिरची आणि मासळीचा वास बाहेर बाजेपर्यंत आला.

"अडाण नदीतली हाये. आमच्या धावजीनं आणली सकायी. तुमच्या घरी तं हे शिजणार नाई. म्हून मी इथं तिचं पान मांडून राह्यली."

पुंडलिकरावांनी गुडघ्यावरची टोपी बाजेवर ठेवली.

"सुया द्याले आली का लसीचा डब्बा ठेवे सावलीत, अन् चुलीपाशी बसे. तिनंच शिकवलं मले, चिंच कधी टाकायची, हलवायचं कसं. चमचा लावू दे नाई, गाडगंच फिरवे. मंग भात कालवे अन् पाची बोटं भरून खाये. डोये पुसत पुसत. तिखटानं का आणखी कायनं, म्या इचारलं नाई कधी." जमनीने झाकण पुन्हा ठेवलं. "माह्या गावी दारातून पाय काढला का पाणीच पाणी, म्हणे."

"मंग घरी कधी वास नाई आला."

जमनीने भिंतीतल्या कोनाड्यातून एक बारकी बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

"हात धुवे, मंग कापसानं हे लावे. सासूले शब्द देल्ला होता ना. घरात नाई आणली तिनं मासळी. खरं का नाई?"

पुंडलिकरावांनी बूच उघडलं. स्पिरिट होतं. तळाशी थोडंसं उरलं होतं.

तांड्यावरून आलेल्या दिवशी संध्याकाळी ती त्यांच्या शेजारी बसायची, तेव्हा तिच्या हाताला हाच वास असायचा. सुयांचा वास, असं त्यांनी धरलं होतं. माघापासून त्यांनी तो तिच्या लुगड्यांत शोधला, पेटीत शोधला. सगळीकडे नुसता साबण होता.

बाटली त्यांनी बराच वेळ नाकापाशी धरली. जमनी दुसरीकडे पाहत राहिली.

"दोन घास खाता का दाजी?" शेवटी तिने विचारलं. "नाई म्हंजे, तुमच्या घरी—"

"चालते मले," पुंडलिकराव म्हणाले.

जन्मात त्यांनी मासळीला हात लावला नव्हता. पहिल्याच घासाला ठसका लागला.

"हळू, दाजी! काटे हायेत. अडकला तं काढाले सिस्टर नाई आता."

दोघंही हसले. मग पुंडलिकराव खाली मान घालून जेवले. भातात पाची बोटं घातली. डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं. तिखट होतंच.

जेवण झाल्यावर जमनीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि बाटलीकडे बोट दाखवलं. पुंडलिकरावांनी बुचावर दाब देऊन बाटली पुन्हा कोनाड्यात ठेवली. तांब्यातलं पाणी ते नुसतं प्यायले. पत्रावळी डाव्या हाताने बगलेत धरल्या आणि निघाले.

घरी विमलताईंनी पान वाढलं. पुरणपोळी, कुरडई, भजी, द्रोणात चिंचोणी. उजवीकडचा कोपरा मोकळा होता.

"आठवलं का?"

पुंडलिकराव पानासमोर बसले. उजवा हात त्यांनी त्या मोकळ्या कोपऱ्यावर पालथा ठेवला आणि तसाच राहू दिला.

विमलताई तूप वाढायला वाकल्या आणि वास येताच वाकलेल्याच थांबल्या. त्यांनी हाताकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या माईच्या फोटोकडे.

"दादा, हात धुतले नाई तुमी."

"नाई."

सुरभी निरांजन घेऊन दारात उभी होती. विमलताई खाली बसल्या. तुपाची वाटी त्यांनी बाजूला ठेवली आणि भाताचं पातेलं जवळ ओढलं.

"याच्यासंग भात खात असन ती," त्या म्हणाल्या. "वाढू का?"

पुंडलिकरावांनी हात जरासा सरकवून जागा केली.

"वाढ," ते म्हणाले. "जास्त वाढ."